कवटीची अंगठी: कस लागला म्हणून खरी नव्हे

महोदय,

नाशिकच्या सराफ बाजारात जुनी ‘जर्मन’ कवटीची अंगठी कसाला लावून घेणाऱ्यांसाठी हे पत्र. कस चांदी सांगतो, वय नाही. एसएस या नाझी जर्मनीच्या निमलष्करी दलाची मूळ अंगठी चांदीची पट्टी वाकवून करत. जोड कवटीमागे येई आणि कवटी वेगळी घडवून वर डाखलेली असे. नकली अंगठी बहुधा एकसंध ओतीव असते. दहापट भिंगातून बारीक छिद्रे आणि अक्षरांच्या बोथट कडा दिसतात. खऱ्या अंगठीच्या आत आडनाव, तारीख, एसएसप्रमुख हिमलरची सही हाताने कोरलेली हवी. उंच भाग झिजायला हवेत. तेही काळे असतील तर ती गंधकाने मुद्दाम काळे करण्याची करामत. कागदपत्रांशिवाय चांदीच्या वजनाइतकेच पैसे द्यावेत.

एक वाचक, नाशिक