महापौरांच्या हाती कारभार द्या: नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

रस्ता खचला, पाणी आले नाही, की लोक नगरसेवकाचे दार ठोठावतात किंवा महापौरांना निवेदन देतात. मत तिथे दिलेले असते, म्हणून जाबही तिथेच विचारला जातो. पण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 चे कलम 67 कार्यकारी अधिकार आयुक्तांना देते, आणि आयुक्तांची नेमणूक तुमचे सरकार करते. महापौरांनी नगरसेवकांची सभा चालवायची, समसमान मते पडली तर निर्णायक मत द्यायचे. शहराचा प्रथम नागरिक म्हणून मान मोठा, पण साध्या अभियंत्याला कामाचा आदेश देण्याचा अधिकार नाही.

हा साचा मुंबईच्या 1888 च्या कायद्यातला. तेव्हाच्या परक्या सरकारने शहराचा लगाम आपल्या अधिकाऱ्याकडे ठेवला, हे समजू शकते. आपण तो अजून का ठेवला आहे?

सभेला काहीच अधिकार नाहीत असे मी म्हणत नाही. अंदाजपत्रक आणि करांचे दर तिच्याकडे आहेत, मोठी कंत्राटे मंजुरीसाठी नगरसेवकांच्या स्थायी समितीकडे जातात. पाच अष्टमांश नगरसेवकांनी ठराव केला तर आयुक्तांना परत बोलवावे लागते. पण नको असलेला अधिकारी परत पाठवता येणे वेगळे आणि शहर चालवता येणे वेगळे. त्यात कलम 451 आहेच. सभेने केलेला ठराव राज्य सरकार निलंबित करू शकते, विखंडित म्हणजे रद्द करू शकते. बेकायदा ठराव रोखायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. मात्र तो रोखण्याची कारणे शहरातल्या लोकांना वाचायला मिळाली पाहिजेत, आणि ठरलेल्या मुदतीत अंतिम निर्णय झाला नाही तर ठराव आपोआप लागू झाला पाहिजे.

सगळे अधिकार एका खुर्चीत गेले की काय होते, ते आपण अलीकडेच पाहिले. मार्च 2022 मध्ये मुंबई, पुणे, नागपूर महापालिकांची मुदत संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी असे राज्यघटनेचा अनुच्छेद 243-यू सांगतो. तरीही आयुक्तच प्रशासक झाले, सभेचे अधिकारही त्यांच्याकडे गेले आणि हे वर्षानुवर्षे चालले. प्रस्ताव मांडणारा, तो स्थायी समिती म्हणून मंजूर करणारा आणि त्याचा अंमल करणारा अधिकारी एकच होता. चांगला अधिकारी असला तरी ही रचना वाईटच.

74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगर नियोजन, पाणीपुरवठा, अग्निशमन असे 18 विषय दिले, पण ते सोपवण्याचा निर्णय राज्यांवर सोडला. म्हणजे हे तुमच्या हातात आहे. कोलकात्यात 1980 च्या कायद्याने महापौर परिषद, म्हणजे महापौर आणि काही नगरसेवकांनी मिळून कारभार चालवण्याची पद्धत, आणली आणि ती टिकली. मुंबईतही 1998 मध्ये तसा प्रयोग झाला, पण लगेच गुंडाळला गेला. एवढ्या थोड्या काळात कोणतीच व्यवस्था पारखता येत नाही.

माझी मागणी अशी: महापौरांना अडीचऐवजी पूर्ण पाच वर्षांची मुदत द्या, कार्यकारी अधिकार महापौर आणि त्यांच्या परिषदेकडे सोपवा, आणि आयुक्तांना त्यांच्या आदेशाखाली काम करणारे मुख्य अधिकारी करा. लेखापरीक्षण स्वतंत्र राहू द्या. महापौर चुकले तर पुढच्या निवडणुकीत आम्ही त्यांना घरी बसवू. आज तेही करता येत नाही, कारण चूक नेमकी कुणाची हेच ठरत नाही.

येत्या अधिवेशनात 1888 आणि 1949 या दोन्ही कायद्यांच्या दुरुस्तीचे विधेयक मांडावे, ही विनंती.

आपला,
एक करदाता नागरिक