पाणी येण्याआधीचा अर्धा तास

सोलापूर,
दि. ८ फेब्रुवारी, पहाटे

प्रिय सखी,

सप्रेम नमस्कार.

तुझे दिवाळीतले पत्र संक्रांत उलटून गेली तरी अनुत्तरित राहिले, याबद्दल आधी कान धरते. वेळ मिळाला नाही असे लिहिले असते तर ते खोटे ठरले नसते, कारण पतसंस्थेतली नोकरी, दोन मुले, सासूबाईंचे गुडघे आणि यांच्या टॉवेल कारखान्यातल्या पाळ्या यांतून जे उरते त्याला वेळ म्हणावे की नाही, हाच प्रश्न आहे. पण खरे कारण निराळे होते. पत्राच्या शेवटी तू सहज विचारले होतेस, ‘हल्ली काय वाचतेस?’ आणि त्या तीन शब्दांना द्यायला माझ्यापाशी सरळ उत्तर नव्हते. जिच्याबरोबर मी हिराचंद नेमचंद वाचनालयाचे एकच सभासदत्व अर्धे-अर्धे वाटून घेतले, गुरुवारपर्यंत पुस्तक तुझ्याकडे आणि रविवारपर्यंत माझ्याकडे असा करार केला, एस.टी.च्या तिकिटाची खूण तू कुठवर सरकवली आहेस हे पाहून तुझ्या मागे पडू नये म्हणून रात्री जागले, तिला ‘काही नाही’ असे लिहिणे जिवावर आले. म्हणून गप्प राहिले.

तसे पाहिले तर ‘काही नाही’ हेही खरे नव्हते. मी वाचत होते, पण चोरून. कणीक मळून झाल्यावर ती मुरेपर्यंतची दहा मिनिटे, दुपारच्या डब्यानंतर कॅश काउंटर पुन्हा उघडेपर्यंतचा थोडा वेळ, आणि मुख्य म्हणजे पाण्याच्या दिवशीची पहाट. आमच्या भागात नळाला पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येते आणि नेमके किती वाजता येईल हे कुणी सांगू शकत नाही, हे तू विसरली नसशीलच. उजनीचे धरण काठोकाठ भरल्याच्या बातम्या आम्ही श्रद्धेने वाचतो आणि तरीही पिंप, टाकी, कळश्या, स्वयंपाकघरातली झाकणाची पातेली अशी सगळी फौज तयार ठेवून चार वाजता उठतो. नळाला आधी नुसती हवा सुटते, तो सुस्कारे टाकतो, मग थेंब-थेंब आणि मग धार. या सगळ्याला अर्धा तास तरी जातो. तो अर्धा तास माझा. मोटारीच्या बटणाशेजारी पाट टाकून, हवेचा आवाज ऐकत, मी कादंबरीची पंधरा-वीस पाने वाचून घेते. घरात कुणी जागे नसते, कुणाला काही नको असते. लोक पाण्याच्या नावाने बोटे मोडतात, तेव्हा मीही त्यांच्यात सामील होते; पण रोज आणि ठरल्या वेळी पाणी येऊ लागले तर माझे वाचन कसे व्हायचे, अशी एक अप्पलपोटी शंका मनात येते खरी.

पुस्तक लपवावे असे या घरात मला कुणीही सांगितलेले नाही, हेही तुला सांगायला हवे. सासूबाईंनी कधी तोंड वाकडे केले नाही, यांनी तर लग्नानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला मला पुस्तकेच आणून दिली होती. लपवाछपवी माझीच. सिंकमध्ये भांडी असताना पुस्तक हातात दिसले तर आपण कामचुकार ठरू, ही समजूत मी माहेरून पदरात बांधून आणली असावी. माझी आईसुद्धा किराणा बांधून आलेले वर्तमानपत्राचे कागद सरळ करून वाचायची आणि कुणाची चाहूल लागली की तोच कागद डब्याच्या तळाशी घालायची.

गेल्या ऑक्टोबरात मात्र माझे पितळ उघडे पडले. १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस आपल्याकडे २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी मुलांच्या हातात पुस्तके देऊन फोटो काढले जातात, ते पालकांच्या गटावर येतात आणि दुसऱ्या दिवशी पुस्तके पुन्हा कपाटात जातात, हे माझे मत थोडे कडवट वाटेल, पण ते दोन मुलांच्या अनुभवातून बनले आहे. यंदा थोरलीच्या बाईंनी फोटोऐवजी ‘आमच्या घरातील वाचन’ यावर पाच वाक्ये लिहून आणायला सांगितली. तिची वही मी सही करण्यासाठी उघडली आणि तिथेच बसले. तिने लिहिले होते: ‘आजी वाचत नाही. बाबा पेपर वाचतात. आई मोबाइल वाचते. माझा भाऊ लहान आहे. आईला पूर्वी वाचायला आवडायचे.’

सखी, ‘आवडायचे’ या एका क्रियापदाने माझी झोप उडवली. ‘आई मोबाइल वाचते’ हे तर शब्दशः खरे होते. शाळेच्या सूचना, गृहपाठाचे फोटो, कार्यालयातले निरोप, गॅसचा नंबर, भाच्याच्या मुंजीची पत्रिका, सगळे त्यातच वाचायचे असते. मुलांनी पाहिले ते तेवढेच. जे पुस्तक मी खरोखर वाचत होते ते त्यांनी कधी पाहिलेच नव्हते, कारण ते दिसू नये याची पुरेपूर काळजी मीच घेतली होती. मी तिला रागावले नाही. सही केली. ‘पूर्वी’ या शब्दातली वेलांटी मात्र तिने बरोबर दिली होती, याचे अशा वेळीसुद्धा बरे वाटले.

त्याच आठवड्यात मी ठरवले की आता जे वाचायचे ते बाहेरच्या खोलीत, पलंगावर, दिव्याखाली, सगळ्यांच्या देखत. पहिले दोन दिवस मला पाहुण्यांच्या घरी बसल्यासारखे झाले. मुलगा येऊन ‘आई, तुला बरे नाही का?’ असे विचारून गेला. यांनी काही न बोलता टीव्हीचा आवाज कमी केला, आणि तो कमी केल्याचे मला दिसावे म्हणून रिमोट माझ्यासमोर ठेवला. तिसऱ्या दिवशी सासूबाई सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन शेजारी येऊन बसल्या. आमच्याकडे चटणीच्या शेंगा अजून घरीच फोडून, भाजून, उखळात कुटल्या जातात. मिक्सरमध्ये दाण्यांचे नुसते पीठ होते, तेल सुटत नाही, यावर त्यांचे मत ठाम आहे. शेंगा फोडता फोडता त्यांनी विचारले, “मनातल्या मनात काय वाचतेस? मोठ्याने वाच की.”

तुला ठाऊक आहे, त्यांचे माहेर अक्कलकोटकडचे. घरात आजही निम्मे बोलणे कानडीत चालते. त्या दुसरीपर्यंत कानडी शाळेत गेल्या आणि पुढे घरी विड्या वळायला सुपापुढे बसल्या. मराठी त्यांना उत्तम बोलता येते, पण वाचता येत नाही. इतक्या वर्षांत हे वाचता न येणे आमच्या घरात इतके अंगवळणी पडले होते की, त्यांना गोष्ट हवी असेल असे माझ्या कधी मनातच आले नाही. मी लाजत-लाजत सुरुवात केली. ती कादंबरी म्हणजे एका बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांची, चारशे पानांची, वर्णनांनी खच्चून भरलेली. त्यांना हे कंटाळवाणे होणार, असे वाटले होते. पहिले प्रकरण संपवून पुस्तक मिटले, तर त्या म्हणाल्या, “मुंद एन आतु?” म्हणजे पुढे काय झाले.

तेव्हापासून हा प्रश्न रोज रात्री साडेनऊला विचारला जातो. कडक भाकरीचा आधार नसता तर हे जमले नसते, हेही कबूल करते. पूर्वी रोज रात्री तव्यापुढे उभे राहण्यात जो वेळ जायचा, तो आता आठवड्यातले तीन दिवस बचत गटाच्या बायकांकडून आणलेल्या कडक भाकऱ्या, शेंगाचटणी, दही आणि कांदा यांवर निभावतो. मुले कुरकुरतात, पण भाकरी आमटीत कुस्करली की तेही थांबतात. यांना गोष्टीत रस नाही असे हे म्हणतात, मात्र कारखान्याचा हिशेब पाहता पाहता मध्येच “अरे, मग त्या धाकट्याने सात-बारा का नाही काढला?” असा प्रश्न येतो, तेव्हा कान कुठे आहेत ते कळते. मुलगा त्या कादंबरीतल्या कुत्र्यासाठी बसतो आणि ज्या प्रकरणात कुत्रा नसतो त्या प्रकरणात झोपी जातो.

सासूबाई ऐकतात तशा वाचक म्हणून आपण दोघी कधीच नव्हतो, असे आता वाटते. आपण पाने मोजायचो, त्या माणसे मोजतात. थोरल्या भावाच्या बायकोला लेखकाने तीन प्रकरणे एकही वाक्य बोलू दिलेले नाही, हे त्यांच्या लक्षात आले, माझ्या नाही. सूर्यास्ताचे दीड पान आले की त्या शेंगा पाखडायला घेतात, आणि मला कळते की लेखकाचे इथे जरा जास्तच झाले.

एकदा वीज गेली आणि वाचन थांबले, तेव्हा अंधारात त्या आपण होऊन कानडी वचने म्हणू लागल्या. एकेक वचन ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुना’ या नावाशी येऊन थांबत होते. ती आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांची नाममुद्रा. बाराव्या शतकात, बसवेश्वरांच्या काळात, या सोन्नलगीत, म्हणजे आपल्या सोलापुरात, ज्यांनी तलाव खोदवला, अडुसष्ट लिंगे स्थापन केली, त्यांचे हे शब्द. मला या वचनांचे नाव माहीत होते; पण ती इतकी सगळी माझ्याच घरात, माझ्या उशाशी, मुखोद्गत असतील याची कल्पना नव्हती. थोरलीने विचारले, “आजी, हे कुठल्या पुस्तकात आहे?” सासूबाई म्हणाल्या, “पुस्तकात असेलही. मला माझ्या आईने दिले.” मुलगी काही वेळ गप्प बसली. वहीतले पहिले वाक्य तिला आठवले असावे, निदान मला तरी आठवले.

यंदा गड्ड्याला, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या संक्रांतीच्या यात्रेला, आम्ही सगळे गेलो. सम्मती कट्ट्यापाशी अक्षता सोहळ्याला गर्दी इतकी की मुलाला यांनी खांद्यावर घेतले होते. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, उंच नंदीध्वज, आणि सम्मतीचे वाचन सुरू झाले की भोवतालची माणसे एकदम शांत होतात. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी झालेल्या कुंभारकन्येच्या विवाहाची ती सम्मती, म्हणजे त्या लग्नाची मंगलाष्टकेच, दरवर्षी तीच असते, तरी ती वाचली जाण्याची माणसे वाट पाहतात आणि मग एकाच वेळी हजारो हातांतून अक्षता उडतात. लहानपणापासून पाहत आलेल्या या सोहळ्यात हे वाचन आहे, कुणीतरी मोठ्याने वाचते आणि सगळे गाव ऐकते, हे मला यंदाच जाणवले. नंतर होम मैदानावर मुलांनी पाळण्याचा हट्ट केला आणि विचारांचे काय झाले ते सांगायला नको.

थोरली आता स्वतः वाचते का, असे तू विचारशील. वाचते, पण मी सुचवलेले नाही. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत, हे तिला तिच्या मैत्रिणीने दाखवले. ती ते मोबाइलवर वाचते, म्हणजे ‘आई मोबाइल वाचते’ या तिच्या आरोपाची आता तीही भागीदार झाली आहे. मी हे तिला बोलून दाखवले, तर “तू निरोप वाचतेस, मी गोष्टी वाचते,” असे उत्तर मिळाले. यावर मला बोलता आले नाही. मार्चअखेरीची तयारी सुरू झाल्यापासून ज्या दिवशी मला घरी यायला उशीर होतो, त्या दिवशी आजीला कादंबरी तीच वाचून दाखवते. जोडाक्षराला अडखळते, बांधाच्या भांडणातल्या शिव्या गाळते आणि गाळल्याचे आजीला लगेच समजते.

आता माझी एक चोरी उरली आहे आणि ती फक्त तुलाच सांगते. रात्री सगळ्यांबरोबर जेवढे वाचायचे तेवढेच, पुढे जायचे नाही, असा आमचा ठराव आहे. पण पाण्याच्या पहाटे मला राहवत नाही. पाटावर बसून मी पुढची दोन प्रकरणे वाचून काढते आणि रात्री काहीच माहीत नसल्यासारखी पहिल्यापासून सुरू करते. परवा धाकट्या भावाच्या मृत्यूचे प्रकरण होते. तो मरतो ते प्रकरणाच्या शेवटी, आणि मी पहिल्याच पानावर, जिथे तो नुसता बैल सोडायला निघालेला असतो, तिथे आवाज खाली आणला असावा. सासूबाईंनी शेंग हातात तशीच धरून माझ्याकडे पाहिले. मुलांसमोर काही बोलल्या नाहीत. रात्री पाणी प्यायला उठल्या, तेव्हा माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “तू पुढचे वाचतेस ना? वाच. पण मला आधी सांगू नकोस.”

तुझ्या प्रश्नाचे उत्तर हे असे लांबले. आता तू काय वाचतेस ते लिही. आणि अठरा वर्षांपूर्वी तू नाशिकला जाताना माझा एक दिवाळी अंक नेला होतास, मुखपृष्ठावर पणतीऐवजी सायकल होती तो; त्यातली एक दीर्घकथा सासूबाईंना ऐकवावी असे फार मनात आहे. फाटला असेल तरी चालेल, शेवटचे पान असले म्हणजे झाले.

नळाने सुस्कारे थांबवले आहेत, थेंब सुरू झाले. मोटार लावायला उठते.

तुझी,
पाण्याची वाट पाहणारी सोलापूरकरीण