आबा, लेझीम खरंच धनुष्य होतं

इस्फहान, शुक्रवार

ती. आबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सगळं धड सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलोय. डोळ्यांना ताण देऊ नका, आईकडून वाचून घ्या. मस्कतला परतायला अजून पाच दिवस आहेत.

तुम्ही नेहमी सांगायचात, लेझीम हे मुळात मिरवणुकीत नाचायचं नव्हतंच, ती तालमीतली कसरत होती. धनुष्याला दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावायची आणि पहिलवानांनी ती खेचत दंड कमवायचे. शाळेत मी हे सांगितलं तेव्हा कुणी मानलं नाही, आणि खरं सांगतो, मोठा झाल्यावर माझाही विश्वास डळमळला होता. मंगळवारी इथे इराणातल्या यझ्द गावात ते धनुष्य मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

इकडे तालमीला झूरखाने म्हणतात. झूर म्हणजे आपला जोर. यझ्दचं झूरखाने अमीर चखमाक चौकाजवळ पाण्याच्या जुन्या टाकीत आहे, वर वारा खाली खेचणारे मातीचे मनोरे. मधोमध कमरेएवढा खोल, अष्टकोनी हौदा. लाल माती नाही, हे आधीच सांगतो, कारण तुमचा पहिला प्रश्न तोच असणार. जमीन साधी, टणक. पण उतरताना प्रत्येक जण वाकून जमिनीला बोटं लावतो आणि ती ओठांना टेकवतो. आपल्याकडे माती कपाळाला लावतात ना, अगदी तसं. माझाही हात आपोआप खाली गेला.

हौद्याच्या वर उंच बैठकीवर मुर्शिद, म्हणजे ढोल वाजवत गाणारा म्होरक्या, बसतो. समोर भाजक्या मातीचा मोठा ढोल, डोक्यावर टांगलेली घंटा. सुरू करण्याआधी त्याने ढोलाचं कातडं शेगडीच्या उबेला धरलं, बोटाने टिचकी मारली, पुन्हा धरलं. मैदानाच्या दिवशी हलगीवाले कागद पेटवून हलगी शेकतात तेच! मग तो गाऊ लागला. फिरदौसीचं शाहनामे, हाफिजच्या गझला. खाली पंधराएक माणसं त्या ठेक्यावर फळीला हात टेकून जोर मारत होती. मध्येच कुणी मानाचा जुना पहिलवान दारात आला की मुर्शिद घंटा वाजवतो. वस्ताद आत आले की आपल्याकडे सगळे उठून पाया पडतात, त्याचीच आठवण झाली.

जोर झाल्यावर मील, म्हणजे लाकडी मुद्गल. आपल्या तालमीत फिरवायच्या करेल्यापेक्षा बुडाशी जाड, वर निमुळते होत गेलेले. दोन्ही खांद्यांवर उभे धरायचे आणि एकेक पाठीमागून फिरवून आणायचा. त्यानंतर गिरक्या. त्यात धाकट्याचा नंबर आधी, थोरल्याचा शेवटी, आणि हौद्याच्या मध्यावर येताना प्रत्येकाने 'रुखसत' म्हणून परवानगी मागायची. एक सतरा-अठरा वर्षांचा पोरगा असा भिंगरीसारखा फिरला की त्याचे हात दिसेनात.

आणि सर्वांत शेवटी कब्बादे. आबा, हेच ते! अख्खं लोखंडी धनुष्य, दोरीच्या जागी जाड साखळी आणि साखळीत चकत्या ओवलेल्या. दोन्ही हातांनी डोक्यावर उचलायचं, एक हात सरळ, दुसरा वाकवलेला, मग उलट, ठेक्यावर डावी-उजवी. चकत्यांचा आवाज घुमला तेव्हा मी डोळे मिटले. क्षणभर आपल्या गल्लीतली गणपतीची मिरवणूकच समोर होती. तुम्ही खरं बोलत होतात, आणि मी शंका घेतली याची मला माफी द्या.

पहिलवान, कुस्ती, वस्ताद हे शब्द सुद्धा इकडूनच आपल्याकडे आले. भिंतीवर गुलामरझा तख्तींचा फोटो होता. १९५६ ला मेलबर्नमध्ये सुवर्णपदक मिळवलेला पैलवान, पण लोक आजही त्यांची आठवण काढतात ती १९६२ च्या भूकंपानंतर त्यांनी भूकंपग्रस्तांसाठी मदत गोळा केली म्हणून. मी तिथल्या लोकांना सांगितलं, १९५२ ला हेलसिंकीत तख्तींना रौप्य मिळालं, त्याच ऑलिंपिकमध्ये आमच्या कराडजवळच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीचंच कांस्य आणलं. एका म्हाताऱ्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

ताईला एवढं सांगा, की या हौद्यात बाया उतरत नाहीत, वर बसून बघतात. तिने मल्लखांबावर काढलेली वर्षं आठवून मला ते खटकलं.

काल इथे इस्फहानमध्ये मील बनवणाऱ्या कातारी उस्तादांकडे गेलो. दुकान म्हणजे आपल्या माजघराएवढं, गुडघाभर ढलप्या, अक्रोडाच्या लाकडाचा वास. ओंडके आडोशाला महिनोन्‌महिने सुकवतात, घाई केली की लाकूड तडकतं. जोडीतले दोन्ही मील शक्यतो एकाच झाडाचे. लेथवर आकार आला की तराजूच्या दोन पारड्यांत दोघं ठेवायचे. जड पारड्यातला मील पुन्हा लेथवर, पटाशी नुसती टेकवायची, कागदासारखी पातळ ढलपी निघते, की परत तराजू. माझ्यासमोर त्यांनी हे सात वेळा केलं. मी म्हटलं, आता काटा जवळजवळ बरोबर आहे की. ते म्हणाले, डोळ्याला बरोबर आहे, खांद्याला नाही.

तुमच्यासाठी चार-चार किलोची जोडी सांगितली आहे. वजन विमानात चालेल, मी विचारून घेतलंय. उस्तादांनी विचारलं, फिरवणार कोण? मी म्हटलं, माझे वडील, चौऱ्याहत्तर वर्षांचे, तालमीचे वस्ताद. त्यावर त्यांनी मूठ कातायचीच थांबवली. म्हणाले, त्यांच्या हाताचं माप आण. तेव्हा उजव्या हाताची मूठ सैलसर वळा, आतून किती जागा राहते ते दादाला दोऱ्याने मोजायला सांगा आणि सोमवारच्या आत मला कळवा.

तुमचा,
बाळू