सूचना : लोकसेवक आजोबांच्या स्मरणपुस्तिकेचे साहित्य

सर्व सभासदांना नमस्कार. ज्यांच्या आजोबांनी गावाच्या सेवेत उमेदीची वर्षे घालवली, त्यांनी साहित्य देताना पुढील काळजी घ्यावी.

तारखा आठवणीवरून लिहू नयेत. नेमणूक, बदली आणि निवृत्तीच्या आदेशांवरून घ्याव्यात. रुजू झाल्याची तारीख आणि आदेशाची तारीख बहुधा वेगवेगळी असते, नेमका इथेच गोंधळ होतो. ‘कर्तव्यदक्ष’ एवढेच लिहून माणूस दिसत नाही. कोणता रस्ता, कोणती पाण्याची टाकी त्यांनी पाठपुरावा करून मार्गी लावली ते लिहा.

फोटो ६०० डीपीआयवर (दर इंचातील ठिपके) स्कॅन करावेत, कागदपत्रांना ३०० पुरे. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा, नाहीतर फोटोची प्रत घसरते. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. फोटोमागे बॉलपेनने लिहिल्यास समोर वळ उमटतात; मऊ पेन्सिल वापरा. जुन्या कागदांना लॅमिनेशन तर नकोच, ते पुन्हा निघत नाही. गंजलेल्या टाचण्या मात्र अलगद काढा.

आजोबा हयात असतील तर त्यांचा आवाज आजच रेकॉर्ड करा. एका बैठकीत अर्धा-पाऊण तास, पंखा बंद. नातवंडांनी प्रश्न विचारले की ते अधिक मोकळे बोलतात. नातवाला मांडीवर घेऊन फाइल चाळतानाचा एखादा फोटो असेल, तर तो आवर्जून द्या.