इचलकरंजीच्या काकांना, अमेरिकेतल्या रॉलीहून

तीर्थस्वरूप काकांना, सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानले की तुम्ही "अगं, त्यात काय!" म्हणून पावसापाण्यावर जाता. म्हणून हे चारचौघांत.

जूनमध्ये आमची मागची खोली काही केल्या थंड होईना. एसीवाला म्हणाला, सगळे डक्ट, म्हणजे थंड हवेचे नळ, बदला. तुम्ही लेकीकडे आलेले, आमच्याकडे चहाला बसलात आणि विचारलंत, "मध्ये घराखाली कोण जाऊन आलं?"

प्लंबर! मार्चमध्ये.

घराखालची ती क्रॉलस्पेस जेमतेम १८ इंच उंच. गुडघ्यांमुळे तुम्ही दाराशीच पालथ्या बादलीवर बसलात आणि आत सरपटले मी. बॅटरीच्या उजेडात फ्लेक्स (लवचिक) डक्ट दिसला: प्लंबरच्या कोपरांखाली चपटा झालेला, चंदेरी आवरण फाटलेलं, आतली फायबरग्लासची गादी भिजून लोंबणारी. टपटप पाणी. मला वाटलं पाइप फुटला. तुम्ही बाहेरून ओरडलात, "गळती नव्हे, घाम आहे तो! थंड ताकाच्या लोट्याला येतो तसा." गिरणीतल्या हवेत दमटपणा राखणाऱ्या ह्युमिडिफिकेशन प्लांटवर आयुष्य काढलेल्या माणसाला डक्टचा घाम न बघताही कळला. आत जेमतेम १३ अंशांची हवा, बाहेर नॉर्थ कॅरोलायनाचा दमट उन्हाळा, आणि मध्ये दबलेली गादी.

तेवढाच तुकडा बदलला, आर-८ वेष्टनाचा (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप). जोड मॅस्टिकने, म्हणजे डक्टच्या घट्ट लुकणाने, लिंपले. (नाव डक्ट टेप, पण ती कापडी टेप डक्टच्या जोडावर टिकत नाही, हे मला तेव्हा कळलं.) तारेने बांधायला निघाले तर तुम्ही रागावलात, तार डक्टचा गळा आवळते. मग दीड इंची रुंद पट्टे, दर ४ फुटांवर. ओल वर येऊ नये म्हणून जमिनीवर जाड प्लास्टिक.

मला खरं अप्रूप वाटलं ते पुढचंच. नवा डक्ट जुन्या जागी जाऊच दिला नाहीत; "पुढचा माणूसही इथूनच सरपटणार." भिंतीकडेने, दोन तुळयांच्या मधून वर घेतला आणि दारापासून पाइपांपर्यंत नारिंगी दोरी लावून घेतलीत.

गेल्या आठवड्यात वाळवी तपासणारा आला. दोरीदोरीने गेला, दोरीदोरीने आला. मागून मी आत डोकावले. पट्टे जागच्या जागी, डक्ट कोरडा.

मॅस्टिकचा डबा ढवळताना तुमच्या सदऱ्यावर उडालं होतं, ते निघालं का? माझ्या ओढणीचं नाही निघालं.

तुमची,
मागच्या गल्लीतली