हॉट रॉड वेगळी, लोरायडर वेगळी

मा. संपादक,
महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत कॅलिफोर्नियातील जुन्या, सजवलेल्या मोटारींवर सचित्र लेख आला होता. छायाचित्रे सुरेख. पण हॉट रॉड, कस्टम, लोरायडर आणि रॅट रॉड ही एकाच गाडीची टोपणनावे असावीत अशा थाटात लेखकाने वापरली आहेत, आणि वर ‘नावांवरून हमरीतुमरीवर येणारे हौशी’ म्हणून या मंडळींची थट्टाही केली आहे. मी सॅन होजेत राहतो. भांडणे होतात हे खरेच. ती बिनबुडाची मात्र नसतात.

हॉट रॉडचा जन्म वेगासाठी झाला. 1930 च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरे म्युरॉक, एल मिराज अशा आटलेल्या सरोवरांच्या सपाट तळावर गाड्या पळवायची. त्या शर्यतींना शिस्त लागावी म्हणून 1937 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली. सर्वांची लाडकी गाडी 1932 ची फोर्ड, बोलीभाषेत ‘ड्यूस’ (32 मधल्या दोनवरून, म्हणजे दुग्गी). लाडकी अशासाठी की सामान्य माणसाच्या आवाक्यातले व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरांचे, इंजिन त्या वर्षी फोर्डनेच आणले. मडगार्ड, बंपर, जे निघेल ते काढून वजन उतरवायचे. देखणेपण आले ते ओघाने.

कस्टमवाल्यांना पळण्याशी फारसे देणेघेणे नव्हते. 1949 ते 51 ची मर्क्युरी (फोर्ड कंपनीचीच गाडी) घ्यायची, छताचे खांब कापून टप काही इंच खाली आणायचा, दारांची हँडले आणि कंपनीची चिन्हे उपटून भोके बुजवायची, हेडलाइट पत्र्यात आत बसवायचे. आपल्याकडचा डेंटर आज जिथे लांबी भरतो तिथे तेव्हा शिसे भरत. आधी पत्र्याला कल्हई, मग तापवून मऊ केलेले शिसे, मग कानस. म्हणून या गाड्यांना ‘लेड स्लेड’, म्हणजे शिशाची घसरगाडी, असे चिडवत. लॉस एंजेलिसच्या बॅरिस बंधूंनी 1952 मध्ये बॉब हिरोहाता यांच्यासाठी केलेली मर्क्युरी 2022 च्या लिलावात वीस लाख डॉलरांच्या आसपास गेली. हेच बॅरिस ‘कस्टम’ इंग्रजी सी ऐवजी के ने लिहीत. ते स्पेलिंग कोणाच्या गाडीला शोभते यावर इथे तासन्‌तास वाद चालतो. देवनागरीने तो आपल्यापुरता जन्मतःच मिटवला आहे, हे आपले भाग्य!

लोरायडरला ‘बुटकी हॉट रॉड’ म्हणणे मला सर्वात खटकले. ही मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन वस्त्यांची गाडी आहे. वेग तिला नकोच असतो, जमिनीलगत आणि संथ जाणे हाच तिचा रुबाब. 1958 मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. त्यावर रॉन अगीरे यांनी 1959 च्या सुमारास आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक्स, म्हणजे द्रवाच्या दाबावर गाडी वर-खाली करणारी यंत्रणा, बसवले: पोलीस दिसला की गाडी वर, तो गेला की खाली. जत्रेतल्या गमतीसारखे दिसणारे ते उड्या मारणे अशा कटकटीतून आले आहे. पुढे गावोगावी संथ फेऱ्या मारण्यावरच, म्हणजे क्रूझिंगवर, बंदी आली. ‘लोरायडर’ मासिक 1977 मध्ये आमच्या सॅन होजेत निघाले, तरी शहराने स्वतःची बंदी उठवली ती 2022 मध्ये. राज्यभरातल्या अशा बंद्या 1 जानेवारी 2024 पासून गेल्या. ज्यांनी या गाडीपायी दंड भरले, त्यांच्यापुढे तिला दुसऱ्याच कुळाचे नाव दिले तर ते चिडणारच.

आता रॅट रॉड, जिच्यावरून खरी जुंपते. हा शब्द पहिल्यांदा कोणी वापरला यावरही एकमत नाही. ‘हॉट रॉड’ मासिकाचे ग्रे बास्करव्हिल यांचे नाव बहुतेक वेळा घेतले जाते. गंजलेला पत्रा, उघडे वेल्डिंग, ट्रॅक्टरचे सुटे भाग, अशी ही गाडी. तिच्या मालकाला नाव अभिमानाचे वाटते. पण जुन्या पद्धतीने, जुन्याच सामानातून हॉट रॉड बांधणाऱ्याच्या मॅट काळ्या गाडीला कोणी रॅट रॉड म्हटले, तर संभाषण तिथेच संपते. त्याचा मुद्दा मला पटतो. 1940 च्या दशकातल्या पोरांच्या गाड्या नुसत्या प्रायमरवर, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरावर, फिरत, कारण रंगाला पैसे उरलेले नसत. हातात पैसे आले की ती रंग देत. गंज हे कोणाचे ध्येय नव्हते. आज काही जण व्हिनेगर आणि मीठ फवारून नवा गंज आणतात, आणि तो वाढू नये म्हणून त्यावर पारदर्शक क्लिअर कोट मारतात! याला परंपरा म्हणायला माझी जीभ वळत नाही.

पण परंपरावाल्यांचा तोराही पुरा खरा नाही. 1932 च्या फोर्डची नवीकोरी बॉडी आज स्टीलमध्येही मिळते आणि फायबरमध्येही. ती विकत आणून, ट्रेलरवर चढवून प्रदर्शनाला नेणारा गृहस्थ भंगारातून गाडी उभी करणाऱ्या पोराला नाके मुरडतो, तेव्हा मी पोराच्या बाजूने असतो. मिळेल ते सामान आणि स्वतःचे हात, एवढ्यावरच तर म्युरॉकची पोरे गाड्या बांधत होती.

एक गोष्ट मात्र लेखात असायलाच हवी होती. ‘आपल्याकडच्या पद्मिनी आणि अँबेसेडरवरही असे प्रयोग व्हावेत’ असे लेखक सहज लिहून जातात. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीला ‘विंटेज’ नोंदणी मिळते, तीही चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसेल तरच. टप कापलेली पद्मिनी त्यात बसणार नाही. हौसेने कटर हातात घेणाऱ्या तरुण वाचकांसाठी पुढच्या अंकात निदान चौकटीत एवढे छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक
सॅन होजे, कॅलिफोर्निया