रविवारी तू उठून गेलास

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू उठून गेलास तेव्हा चप्पल पायात घालायलाही थांबला नाहीस. ती हातात घेऊन जिना उतरताना मी वरून पाहिलं. हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही. फोन केला तर माझा आवाज पुन्हा चढेल, म्हणून लिहितोय. एका बैठकीत वाचवलं नाही तर बाजूला ठेव, पण वाच.

तुला राग कशाचा आला ते मला ठाऊक आहे. घराचा नाही. घर तुम्हा दोघांना निम्मं-निम्मं, त्यावर तू अवाक्षर काढलं नाहीस आणि काढणारही नाहीस. राग आला तो दुसऱ्या कागदाचा. माझं मला बोलता येईनासं झालं तर उपचार कुठवर न्यायचे हे डॉक्टरांशी कोण बोलणार, तिथे ताईचं नाव होतं. तू म्हणालास, "बाबा, माझ्यावर विश्वास नाही?" आणि उत्तराची वाट न पाहता गेलास. वाट पाहिली असतीस तरी त्या क्षणी मला काही सुचलं नसतं.

त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी, जी ताईला माहीत आहे आणि तुला नाही. फेब्रुवारीत मी बँकेतून बाहेर पडलो आणि घर कुठल्या दिशेला तेच आठवेना. पायरीवर बसून राहिलो. दहा-पंधरा मिनिटांनी सगळं जागेवर आलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, डोक्याचं स्कॅन केलं. विस्मरणाच्या आजाराची सुरुवात आहे म्हणाले. किती वेगाने वाढेल ते सांगता येत नाही. तुला कळवलं असतं तर तू त्याच रात्री निघून आला असतास आणि मला आणखी चार डॉक्टरांकडे नेलं असतंस, म्हणून गप्प राहिलो. हे माझं चुकलं. ताईला सांगून तुझ्यापासून लपवायला नको होतं. तिलाही मीच गप्प राहायला सांगितलं होतं. तिच्यावर राग धरू नकोस, बोलणं तर मुळीच टाकू नकोस.

आता कळलं असेल मी कागदांच्या मागे का लागलोय. वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं की आजाराचं नाव लागलं म्हणून मृत्युपत्र करता येत नाही असं नाही. सही करताना आपण काय देतोय, कुणाला देतोय हे कळत असलं की पुरे. पण पुढे कुणी शंका घेऊ नये म्हणून त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडा म्हणाल्या. तो जोडलाय. वरच्या मजल्यावरचे दोघे साक्षीदार आहेत, त्यांना माझ्याकडून काही मिळणार नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी मी केली. मृत्युपत्र माझं डोकं चालतंय तोवर मला कधीही बदलता येतं, आणि शेवटचं असेल तेच खरं धरलं जातं.

तू मागे म्हणाला होतास की बाबा, मला मुखत्यारपत्र करून द्या, बँकेची धावपळ मी बघतो. मी तेच करायला निघालो होतो. वकीलबाईंनी थांबवलं. ज्या दिवशी माझं डोकं चालेनासं होईल, त्या दिवशी ते मुखत्यारपत्रही संपतं. १८७२ चा करार कायदा तसंच म्हणतो. म्हणजे नेमकी गरज पडेल तेव्हाच ते हातातून जाणार! मग मालमत्तेसाठी पालक नेमून घ्यायला बहुतेकदा उच्च न्यायालयात जावं लागतं. म्हणून खाती आताच दोघांच्या नावावर करायची आहेत, तुझ्या आणि माझ्या, कुणाही एकाच्या सहीने चालतील अशी. तुझ्या. हे लक्षात घे. ठेवींवर नॉमिनी म्हणून तुम्ही दोघं आहात.

नॉमिनीवरून अण्णाकाका आठवले. तुला फक्त एवढं माहीत आहे की काका आणि आपण बरीच वर्षं बोलत नव्हतो. कारण मी कधी सांगितलं नाही, तुझ्या आईलाही अर्धंच सांगितलं. आजी गेली तेव्हा तिच्या मुदत ठेवीवर नॉमिनी म्हणून अण्णाचं नाव होतं. त्याला वाटलं आईने पैसे त्याला दिले. मला वाटलं त्याने लाटले. दोघांपैकी एकानेही कुणा जाणकाराला विचारलं नाही. मी त्याला त्याच्या दारात, त्याच्या मुलांसमोर चोर म्हणालो. चौदा वर्षं गेली. आत्याच्या अंत्ययात्रेत आम्ही दोन टोकांना उभे होतो. आणि सर्वोच्च न्यायालयाने तर १९८४ मध्येच, विम्याच्या एका खटल्यात, सांगून ठेवलं होतं की नॉमिनी पैसे घेणारा असतो, मालक नसतो. पैसे वारसांचे. पुढे बँकेतल्या ठेवींबाबतही तेच ठरलं, २०२३ मध्ये शेअर्सबाबतही. म्हणजे अण्णाने ठेव मोडून आणणं बरोबरच होतं आणि त्यात माझा वाटा असणंही बरोबर होतं. मृत्युपत्र नव्हतं. आजीच्या मनात काय होतं ते आम्ही दोघांनी आपापल्या सोयीने ठरवलं. अण्णा शेवटी भेटला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. मी त्याचा हात धरून बसलो, त्याने तो सोडवून घेतला नाही, एवढंच माझ्याकडे उरलंय.

म्हणून सांगतो, ताईशी बोलणं टाकू नकोस. हे पुन्हा लिहिणार नव्हतो.

घराबद्दलही सांगून टाकतो, कारण तुझ्या कानावर अर्धवट गेलंय. माझा एक जुना सहकारी म्हणत होता की घर आताच मुलांच्या नावे बक्षीसपत्र करून टाका, मागे कटकट नको. वकीलबाईंनी विचारलं, "मग तुम्ही कुणाच्या घरात राहणार?" मला राग आला. म्हटलं, माझी मुलं तशी नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, इथे येणारे सगळेच आईवडील हेच म्हणतात. मग त्यांनी २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा समजावून सांगितला. सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं आणि पुढे सांभाळलं नाही, तर ते देणं न्यायाधिकरण रद्द करू शकतं. पण २०२२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की तशी अट होती हे दिसायला हवं. कितीतरी आईवडील प्रेमाच्या भरात अट लिहीतच नाहीत. मी बक्षीसपत्र केलं नाही. घर मी असेपर्यंत माझं, नंतर तुमचं. यात तुमच्यावर संशय नाही रे. पण तुम्हा दोघांपैकी कुणालाही कधी "बाबांना घर देऊन बसावं लागलं" असं ऐकून घ्यायला लागू नये. तूही तुझ्या म्हातारपणी हेच करशील. कागद वेळेवर करायचे, वाचल्याशिवाय सही करायची नाही, मूळ प्रत कुठे आहे ते दोन माणसांना... बघ, पुन्हा शिकवायला लागलो. तू चाळिशीचा आहेस. माफ कर.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

तू नऊ वर्षांचा असताना आजोबांचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. तू चार दिवस ते उघडून बसलास. शाळेतून आलास की दप्तर टाकायचास आणि त्याच्यापुढे. पाचव्या दिवशी ते चाललं. वीस मिनिटं चाललं आणि थांबलं. तू पुन्हा उघडलंस. मला त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा तुझ्या नोकरीचा, पदव्यांचा कशाचाच वाटला नाही. हे तुला कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आईच्या वेळी तू तोच होतास. तेवीस दिवस. रोज नवीन डॉक्टरांचा नंबर, रोज नवीन औषध. "अजून दोन दिवस बघू." मी हो म्हणायचो, ताई हो म्हणायची. नळी ओढू नये म्हणून तिचे हात पलंगाला बांधले होते. मनगटावर त्या पट्टीचे वळ होते. तू पाहिलेस की नाही मला माहीत नाही, मी विचारलं नाही. मी तुला दोष देत नाही, नीट ऐक, देत नाही. तिला काय हवं होतं हे ती बोलत होती तेव्हा आपल्या तिघांपैकी एकानेही तिला विचारलं नव्हतं. तू तिच्यासाठी भांडलास. आमच्यात तेवढंही बळ नव्हतं.

पण मला ते तेवीस दिवस नकोत. आणि तुझ्यावर "आता थांबा" म्हणायची वेळ आणणं मला क्रूरपणाचं वाटलं. ते तुला म्हणता येणार नाही. म्हटलंस तर जन्मभर स्वतःला माफ करणार नाहीस. ताईला म्हणता येईल, रडत का होईना. विश्वासाचा प्रश्नच नव्हता. तुला वाचवायला गेलो आणि तुलाच दुखावलं.

आणि ताई एकटी काही ठरवणार नाही, हेही समजून घे. ज्यातून बरं होण्याची आशा नाही अशा अवस्थेतच तो कागद बाहेर येणार. त्यावरही आधी रुग्णालयातल्या डॉक्टरांचं एक मंडळ मत देतं, मग दुसरं मंडळ, ज्यात बाहेरून नेमलेला डॉक्टर असतो. दोन्हींचं जुळलं तरच. उपचार कुठवर न्यायचे हे असं आधी लिहून ठेवायचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला मान्य केला. पण तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिसही लागायची, त्यामुळे ते सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हतं. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशानंतर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मन बदललं तर, माझं डोकं चालतंय तोवर, मला तो कागद कधीही मागे घेता येतो.

त्याच आदेशात आणखी एक बदल आहे, जो मी रविवारी तुझ्यापुढे मांडणार होतो आणि राहून गेला. आता एकापेक्षा जास्त नावं लिहिता येतात. मी वकीलबाईंना ताईच्या नावाखाली जागा मोकळी ठेवायला सांगितली आहे. तुझं नाव तिथे यावं असं मला वाटतं, आणि येऊ नये असंही वाटतं. दोन्ही खरं आहे. आलं तर त्या वेळी तुम्हा दोघांना एकमेकांशी बोलावंच लागेल. माझं तिथेच अडतंय. तुम्ही त्या वेळी बोलत असाल ना?

एक्झिक्युटर म्हणून मात्र मृत्युपत्रात तुझंच नाव आहे, एकट्याचं. रविवारी ते पान उलटायच्या आत तू गेलास. सगळं गोळा करणं, देणी फेडणं, वाटणी पुरी करणं, यात वर्षभर चिकाटी लागते. ती तुझ्यासारखी कुणात नाही.

बुधवारी अकरा वाजता नोटरीकडे जायचं आहे. तुझं नाव लिहायचं की नाही ते तू सांग. नको असेल तर तसं सांग, मी काही विचारणार नाही. कागदांचा निळा फोल्डर आईच्या कपाटात खालच्या खणात आहे, किल्ली जिथे असायची तिथेच.

तुझा,
बाबा

ता. क. – पत्र ताईला दाखवलेलं नाही. काल रात्री ती तुला फोन करायला निघाली होती, मी म्हटलं आधी पत्र जाऊ दे. तिचा फोन आला नाही याचा दुसरा अर्थ काढू नकोस. तूच कर.